गोळ्या मोजल्या, जंत मोजायचे राहिले

दरवर्षी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या आसपास देशभरातल्या वर्तमानपत्रांत एकाच साच्यातली बातमी छापून येते. राष्ट्रीय जंतनाशक दिनानिमित्त इतक्या लाख मुलांना गोळ्या दिल्या, उद्दिष्टाच्या इतके टक्के काम पूर्ण झाले. सोबत एखाद्या मान्यवराचे लहान मुलाला गोळी भरवतानाचे छायाचित्र असते. बंगळुरूच्या कन्नड पत्रांत हीच बातमी ‘जंतुहुळू’ या शब्दाने येते, आपल्याकडे ‘जंत’ या शब्दाने. शब्दांचे नाते जुने आहे आणि दोन्हीकडची गफलतही एकच आहे. या एका शब्दाच्या पोटात अनेक निरनिराळे प्राणी राहतात. सरकारची मोहीम त्यांपैकी तिघांविरुद्ध आहे. आईवडिलांना मुलाच्या अंगावर प्रत्यक्ष दिसणारा, मुलाला रात्री रडवत उठवणारा जंत मात्र त्या तिघांत नाही.

त्या जंताचे नाव पिनकृमी, शास्त्रीय नाव एन्टेरोबियस व्हर्मिक्युलॅरिस. या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे: आपली जंतनाशक मोहीम गोळ्या मोजते, जंत मोजत नाही, आणि म्हणून शहरी बालकांच्या या सर्वपरिचित जंताचे अस्तित्वच तिच्या हिशेबातून निसटले आहे. ज्याची नोंद होत नाही त्याला आजार म्हणायचे नाही, असा हा कारभार आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने त्याला हरकत घेतली पाहिजे.

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ. पिनकृमीची मादी ८ ते १३ मिलिमीटर लांब असते; शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा पडावा तशी दिसते. नर तिच्या निम्म्याहूनही लहान असतो. लहान आतडे मोठ्या आतड्याला जिथे मिळते त्या भागात यांचा मुक्काम असतो. अंडी घालायची वेळ झाली की मादी रात्री, मूल झोपल्यावर, खाली सरकत गुदद्वाराबाहेर येते, भोवतालच्या त्वचेवर साधारण दहा हजार अंडी घालते आणि मरते. अंड्यांवर चिकट आवरण असते, त्याने तिथे खाज सुटते. मूल झोपेत खाजवते आणि अंडी नखांत अडकतात. चार ते सहा तासांत ती संसर्ग करण्याजोगी होतात. सकाळी तोच हात तोंडात जातो, तोच हात धाकट्या भावंडाच्या खेळण्याला लागतो, तोच हात पाळणाघरातल्या लाकडी ठोकळ्यांवर फिरतो. चादर झटकली की अंडी हवेत उडतात, धुळीबरोबर खाली बसतात आणि थंड, दमट जागी दोन ते तीन आठवडे जिवंत राहतात. अंडे गिळल्यापासून साधारण महिनाभरात नवी मादी अंडी घालायला सज्ज होते.

या साऱ्या प्रवासात मातीचा कुठेही संबंध येत नाही, आणि सारी मेख इथेच आहे. गोलकृमीचे अंडे मातीत काही आठवडे मुरावे लागते. अंकुशकृमीची अळी ओलसर मातीतून अनवाणी पायाच्या त्वचेत शिरते. चाबूककृमीचेही घर मातीच. म्हणून या तिघांना मृदाजन्य कृमी म्हणतात. पिनकृमी हातातून हातात आणि अंथरुणातून अंथरुणात फिरतो. माणसाखेरीज त्याला दुसरे घर नाही. कुत्र्यामांजरांना उगाच दोष दिला जातो. अमेरिकेतल्या युटा राज्यातील एका गुहेत सापडलेल्या, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या मानवी विष्ठेच्या अवशेषांत त्याची अंडी आढळली आहेत. लिनियसने १७५८ साली त्याचे वर्गीकरण केले. १८६० च्या दशकात जर्मन प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ लॉयकार्ट याने आणि त्याच्या काही विद्यार्थ्यांनी ही अंडी स्वतः गिळून जंताचा मार्ग पडताळून पाहिला. म्हणजे शास्त्राला या प्राण्याचे गुपित कळून दीडशेहून अधिक वर्षे झाली आहेत. अडचण ज्ञानाची नाही, व्यवस्थेची आहे.

आता मोहिमेकडे वळू. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ च्या फेब्रुवारीत ११ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाला आणि पुढच्या वर्षी देशभर पोहोचला. पहिल्याच फेरीत जवळपास ९ कोटी मुलांना गोळी मिळाली. वयोगट १ ते १९ वर्षांचा. औषध अल्बेन्डाझोल: दोन वर्षांखालच्या बाळांना २०० मिलिग्रॅम, त्यापुढे ४०० मिलिग्रॅम, चघळून खाण्याची गोळी. काम अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि शिक्षक यांच्या खांद्यावर. एवढ्या मोठ्या देशात ठरल्या दिवशी एवढ्या मुलांपर्यंत पोहोचणे ही साधी गोष्ट नाही, आणि त्या सेविकांच्या कष्टांबद्दल इथे एक शब्दही उणा काढायचा नाही. प्रश्न त्यांच्या हाती दिलेल्या आराखड्याचा आहे. पिनकृमी त्या आराखड्याच्या जाळ्यातून एकदा नव्हे, पाच ठिकाणी निसटतो.

पहिले भोक मोजणीचे. देशात कृमींचे प्रमाण मोजताना विष्ठेच्या नमुन्यातली अंडी पाहिली जातात. त्यासाठी जगभर रूढ असलेली पद्धत म्हणजे कॅटो-कॅट्झ. गोलकृमी, चाबूककृमी आणि अंकुशकृमी यांच्यासाठी ती योग्य आहे. पण पिनकृमीची मादी अंडी आतड्यात घालतच नाही, त्वचेवर घालते. त्यामुळे विष्ठेची तपासणी केली तर बहुसंख्य बाधित मुले निर्दोष सुटतात. जेमतेम ५ ते १५ टक्केच सापडतात. समुद्रातले मासे मोजायला विहिरीत गळ टाकावा आणि समुद्रात मासे नाहीत असा अहवाल द्यावा, तशातला हा प्रकार. योग्य चाचणी १९४१ पासून उपलब्ध आहे. ग्रॅहॅम या संशोधकाने सुचवलेली ती पद्धत म्हणजे सकाळी उठल्याबरोबर, आंघोळीपूर्वी, पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराजवळच्या त्वचेला लावायची, काचपट्टीवर चिकटवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. एका सकाळच्या तपासणीत साधारण निम्मे बाधित सापडतात, सलग तीन सकाळी केली तर सुमारे ९० टक्के. एका बाजूने चपटे असे ते अंडे जीवशास्त्राचा पदवीचा विद्यार्थीसुद्धा अर्ध्या दिवसात ओळखायला शिकेल.

दुसरे भोक दिनदर्शिकेचे. अल्बेन्डाझोल प्रौढ पिनकृमींवर उत्तम चालते, यात वाद नाही. अंड्यांवर आणि अगदी कोवळ्या अळ्यांवर मात्र त्याचा भरवसा नाही. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा हा पिनकृमीच्या उपचाराचा अविभाज्य भाग आहे. आपल्या मोहिमेत दुसरी मात्रा येते ती सहा महिन्यांनी. १० फेब्रुवारी ते १० ऑगस्ट हे अंतर १८१ दिवसांचे. जो जंत महिन्याभरात पिढी उभी करतो, त्याला आपण पाच-सहा पिढ्यांची उसंत देतो आणि मग पुन्हा एक गोळी चघळायला लावून टाळ्या पिटतो.

तिसरे भोक वयाचे. पिनकृमी मुलाला होत नाही, घराला होतो. एका अंथरुणावर झोपणारी आई, आजी, धाकटे तान्हे, पंचविशीतला काका हे सगळे त्याच साखळीतले. मोहिमेची गोळी १ ते १९ वयोगटापुरती. पाच माणसांच्या घरात दोघांना औषध मिळाले आणि तिघे राहिले, तर ती दोघे पुन्हा बाधित व्हायला किती दिवस लागणार? जगभरातले वैद्यकीय मार्गदर्शन सांगते की घरातल्या सगळ्यांवर एकाच वेळी उपचार करा. गर्भवती स्त्रिया आणि अगदी लहान बाळे यांच्याबाबत डॉक्टरांचा स्वतंत्र सल्ला घ्या. आपल्या मोहिमेचे एकक घर नाही, पटावरचे नाव आहे.

चौथे भोक उपदेशाचे. पायात चप्पल घाला, उघड्यावर शौचाला जाऊ नका, भाज्या धुऊन खा, पाणी झाकून ठेवा: हे मोहिमेचे ठळक संदेश मृदाजन्य कृमींसाठी अचूक आहेत. हात धुणे आणि नखे कापणे पिनकृमीलाही लागू पडते. पण रात्री घातलेली अंतर्वस्त्रे रोज बदलणे, सकाळी उठताच आंघोळ, चादरी न झटकता गुंडाळून गरम पाण्यात टाकणे, अंथरूण उन्हात घालणे, या पिनकृमीच्या खऱ्या मर्मावरच्या सूचना त्या ठळक संदेशांत दिसत नाहीत. एखाद्या घरात उत्तम शौचालय आहे, मुलाच्या पायात चांगले बूट आहेत, भाज्या धुऊन शिजतात, आणि तरीही मुलाला जंत आहेत. अशा घरातली आई काय समजेल? आपलेच काही चुकले असे समजेल.

पाचवे भोक यादीचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत मृदाजन्य कृमींचा आजार आहे, पिनकृमीचा नाही. उपेक्षितांच्या यादीतही ज्याची उपेक्षा व्हावी असा हा जंत. यादीत नाव नाही म्हणून उद्दिष्ट नाही. उद्दिष्ट नाही म्हणून अहवालात रकाना नाही. रकाना नाही म्हणून आजार नाही.

हे सगळे बंगळुरूच्या संदर्भात का लिहायचे? कारण हे शहर उद्याच्या भारतीय शहराचा नमुना म्हणून मिरवते, आणि पिनकृमी हा नेमका त्या उद्याचा जंत आहे. जसजशी माती दूर जाते, शौचालये येतात, पायांत चपला येतात, तसतसे गोलकृमी व अंकुशकृमी मागे हटतात. पिनकृमीला या प्रगतीचे काही वाटत नाही. त्याला हवी असते गर्दी, एकत्र झोपणारी लहान मुले आणि बंद खोली. बंगळुरूत या तिन्ही गोष्टी विपुल आहेत. पीण्या, म्हैसूर रस्ता, बोम्मनहळ्ळी या पट्ट्यांतल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत लाखो कामगार आहेत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीसहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्याला पाळणाघराचे बंधन घातले. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर तेच बंधन आले, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या काचेच्या इमारतीही त्यात आल्या. हे कायदे स्त्रियांनी झगडून मिळवलेले आहेत आणि ते हवेतच. पण पाळणाघर सक्तीचे करताना तिथे वीस मुले एका सतरंजीवर दुपारी झोपतील तेव्हा काय काय एकमेकांना देतील, याचा विचार आरोग्यखात्याने करायला हवा होता. शिलाई यंत्रावर बसणाऱ्या कामगाराचे मूल असो की संगणकापुढे बसणाऱ्या अभियंत्याचे, पिनकृमी दोघांनाही सारख्याच निष्ठेने गाठतो. जात, वर्ग, भाषा यांची इतकी कमी पर्वा करणारे या शहरात दुसरे फारसे काही नाही.

पर्वा नसली तरी परिणाम मात्र सारखा होत नाही, आणि इथे पाण्याचा प्रश्न येतो. २०२४ च्या मार्चमध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितलेला हिशेब आठवून पाहा: बंगळुरूची रोजची गरज सुमारे २,६०० दशलक्ष लिटर, तुटवडा सुमारे ५०० दशलक्ष लिटर, सरकारी १४,००० कूपनलिकांपैकी ६,९०० कोरड्या. पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून ५,००० रुपये दंड लावला होता. अशा शहरात ‘रोज सकाळी मुलाला आंघोळ घाला, चादरी गरम पाण्यात धुवा’ हा सल्ला कोणाला पाळता येतो? टँकरच्या रांगेत दोन घागरींसाठी उभी असलेली बाई पहिली घागर चुलीकडे नेईल की चादरीकडे? अंथरूण उन्हात घालणे हा फुकटचा आणि खरोखर गुणकारी उपाय, कारण सूर्यप्रकाश व कोरडेपणा या अंड्यांना सोसत नाही. पण रायचूर-यादगीरहून आलेल्या बांधकाम मजुरांच्या निळ्या ताडपत्रीच्या झोपड्यांना अंगण कुठले आणि एका खोलीच्या पत्र्याच्या घराला खिडकी कुठली? स्वच्छतेचा उपदेश फुकट असतो, स्वच्छता फुकट नसते. पाणी न देता स्वच्छतेचे धडे देणे म्हणजे नागड्याला धोब्याचा पत्ता सांगणे.

आता एक रास्त आक्षेप विचारात घेऊ. कोणी म्हणेल, पिनकृमीने कोणी मरत नाही. अंकुशकृमी रक्त पितो, पंडुरोग आणतो. गोलकृमींचा गोळा आतडे अडवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. अशा देशात तुम्ही खाजेची तक्रार घेऊन येता?

हा आक्षेप पोकळ नाही आणि तो उडवून लावायचाही नाही. पिनकृमी रक्त पीत नाही, बहुतेक मुलांत तो गंभीर काही करत नाही, अनेकांना तर लक्षणेही जाणवत नाहीत. ज्याला लक्षणे आहेत त्याचे मात्र पाहा. रात्रीमागून रात्री झोप मोडते. सकाळी चिडचिड, वर्गात पेंग, अभ्यासात लक्ष नाही. खाजवून त्वचा सोलवटते, त्यात जिवाणूंचा संसर्ग होतो. मुलींच्या बाबतीत जंत पुढे सरकून जननमार्गाचा दाह करू शकतो, लघवीला जळजळ होते. मग मूत्रमार्गाचा संसर्ग समजून प्रतिजैविकांच्या फेऱ्या होतात, किंवा त्याहून वाईट, आठ वर्षांच्या मुलीकडे संशयाने पाहिले जाते. एका चिकटपट्टीने सुटणारा प्रश्न महिनोन्महिने कुजबुजीत राहतो. हे सारे मृत्यूच्या आकड्यांत दिसणार नाही. पण जे मृत्यूच्या आकड्यांत दिसत नाही ते दुःख नव्हेच, असे ठरवले तर बालआरोग्य हा विषयच बंद करावा लागेल.

शिवाय मोठ्या लाभाचा जो दाखला आक्षेपकर्ते देतात, त्याचाही हिशेब तपासून घ्यावा. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख बालकांवर झालेल्या ‘देवता’ या प्रचंड चाचणीत मुलांना दर सहा महिन्यांनी अल्बेन्डाझोल दिले होते. २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष आले: बालमृत्यूंवर आणि वजनावर फारसा परिणाम नाही. केनियातल्या शाळांमधला २००४ चा गाजलेला अभ्यास, २०१५ मध्ये त्याच्या फेरविश्लेषणावरून पेटलेला वाद, आणि सरसकट औषधाचा सरासरी लाभ अल्प आहे असे सांगणारे कोक्रेन आढावे, हे सगळे विज्ञानाच्या वाचकांना ठाऊक असेल. यावरून मोहीम निरुपयोगी ठरत नाही. जिथे कृमींचा भार जड आहे तिथे तिचा उपयोग आहेच. पण एक गोष्ट ठरते. ‘गोळी द्या, मूल उंच होईल, हुशार होईल’ ही भव्य आश्वासने पुराव्यावर पूर्ण टिकत नसतील, तर मोहिमेचा प्रामाणिक आधार उरतो तो एवढाच की मुलाच्या पोटात जंत असू नयेत, त्याला त्रास होऊ नये. आणि आधार त्रासनिवारणाचा असेल, तर त्रास देणाऱ्या पिनकृमीला वगळण्याचे कारण काय?

दुसरा आक्षेप असा की हा जंत पुन्हा पुन्हा होणारच, त्याच्यामागे लागणे व्यर्थ आहे. याला उत्तर म्हणून जपानकडे बोट दाखवता येते. तिथे १९५८ पासून शालेय आरोग्याच्या कायद्याखाली प्राथमिक शाळेतल्या मुलांची पिनकृमीसाठी नियमित तपासणी होत असे. शाळेतून चिकट कागद घरी जायचा, सकाळी पालक तो मुलाला लावायचे, पाकिटात घालून शाळेत परत द्यायचे. कोणाची लाज गेली नाही, कोणाची बदनामी झाली नाही. पिढ्यान्पिढ्या जपानी मुलांना तो कागद शाळेच्या दप्तराइतका ओळखीचा झाला. प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले तेव्हा २०१६ पासून ही सक्ती काढून टाकली. सगळे श्रेय तपासणीला देता येणार नाही, घरे बदलली, राहणी बदलली. तरी मोजत राहिल्यामुळेच मोजणे कधी थांबवायचे हे त्यांना कळले, हे महत्त्वाचे. उलट उदाहरण दक्षिण कोरियाचे. १९७१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निम्म्याहून अधिक लोकांत गोलकृमीची अंडी होती. विष्ठातपासणी आणि औषधे यांची मोहीम नेटाने चालवून तीन दशकांच्या आत त्या देशाने गोलकृमी जवळजवळ नाहीसा केला. बालवाड्यांतला पिनकृमी मात्र त्यानंतरही सापडत राहिला, कारण ती मोहीम त्याच्यासाठी नव्हती. आपण आज कोरियाच्या त्याच वाटेवर आहोत. उद्या देश ‘जंतमुक्त’ जाहीर होईल आणि त्याच रात्री पाळणाघरातली मुले खाजवत जागी असतील.

तिसरा आक्षेप औषधरोधाचा, आणि तो शास्त्रीयदृष्ट्या सर्वांत वजनदार आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या कृमींत याच गटातल्या औषधांना दाद न देणारे वाण जगभर पसरले आहेत. मग माणसांत आणखी गोळ्या कशाला? बरोबर आहे. म्हणूनच मागणी सरसकट आणखी गोळ्यांची नाही. तपासा, सापडेल तिथे पूर्ण उपचार करा, अशी आहे. न तपासता सर्वांना अर्धवट मात्रा देण्यापेक्षा हे अधिक संयमी धोरण नव्हे काय?

मग नेमके करायचे काय? फार थोडे, आणि ते आजच्या यंत्रणेत बसणारे. एक, निवडक अंगणवाड्या, पाळणाघरे आणि पहिली-दुसरीचे वर्ग घेऊन वर्षातून एकदा चिकटपट्टीची तपासणी करावी. बंगळुरूत २०२३ पासून वस्तीपातळीवर ‘नम्म क्लिनिक’ उघडली आहेत; तिथे प्रयोगशाळेच्या साध्या चाचण्या होतात, एक काचपट्टी पाहणे त्यांना जड नाही. दोन, बाधित मुलाच्या घरातल्या सगळ्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली एकाच दिवशी औषध आणि दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा मिळावी. तीन, पाळणाघरांच्या नियमावलीत प्रत्येक मुलाची वेगळी चादर, रोज धुतली जाणारी खेळणी आणि उन्हात घातली जाणारी अंथरुणे यांचा समावेश व्हावा, आणि त्यासाठीचे पाणी हा मालकाच्या जबाबदारीचा भाग मानावा. चार, मोहिमेच्या अहवालात ‘गोळ्या दिल्या’ या रकान्याशेजारी ‘जंत उरले’ असा रकाना यावा. पाच, बाधित मुलाला शाळेतून घरी पाठवू नये. त्याची गरज नसते, आणि मुलाला घरी पाठवले की आजार लपवण्याची सुरुवात होते.

सरकारकडे मागणी करताना आपल्या घरातला गोंधळही झाडून काढला पाहिजे. ‘गूळ जास्त खाल्ला म्हणून जंत झाले’, ‘झोपेत दात खातो म्हणजे पोटात जंत आहेत’, ही वाक्ये मराठी घरांत आजही खात्रीने बोलली जातात. गुळात पिनकृमीची अंडी नसतात; चॉकलेटातही नसतात. दात खाणे आणि जंत यांचे नाते पुराव्याने सिद्ध झालेले नाही. या समजुतींचा तोटा असा की दोष मुलाच्या खाण्यावर आणि आईच्या हातावर जातो आणि संसर्गाची खरी वाट झाकली जाते. वावडिंगाचे पाणी देणाऱ्या आजीचे प्रेम खरे, पण त्या पाण्याने दहा हजार अंड्यांची चादर धुतली जात नाही. आणि ‘आमच्या घरात असले काही नसते’ ही शहरी प्रतिष्ठेची भाषा तर साफ खोटी आहे. हा जंत अस्वच्छ घराचे लक्षण नाही, लहान मुले असलेल्या घराचे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, या प्रकरणातून परजीवीशास्त्रापलीकडचा एक धडा घेण्यासारखा आहे. कोणताही आकडा वाचताना दोन प्रश्न विचारावेत: काय मोजले, आणि ज्या साधनाने मोजले त्याला काय दिसत नाही? विष्ठेच्या काचपट्टीला पिनकृमी दिसत नाही. मृत्यूच्या नोंदवहीला जागरण दिसत नाही. वाटलेल्या गोळ्यांच्या बेरजेला दुसऱ्या आठवड्यातला नवा जंत दिसत नाही. साधनाची मर्यादा न सांगता आकडा छापणे ही विज्ञानवार्ता नव्हे, ती दवंडी झाली.

पुढच्या १० तारखेला पुन्हा ती बातमी येईल, छायाचित्रासह. तेव्हा तुमच्या शहरातल्या आरोग्य अधिकाऱ्याला, नगरसेवकाला, मुलाच्या पाळणाघराच्या चालकाला एवढेच विचारा: दुसरी गोळी कधी, घरातल्या बाकीच्यांना कधी, आणि चिकटपट्टीची तपासणी कोण करणार? बंगळुरूसारख्या शहराकडे सूक्ष्मदर्शक आहेत, डॉक्टर आहेत, जीवशास्त्राची नामांकित संशोधनकेंद्रे आहेत. अवकाशात याने पाठवणाऱ्या संस्थेचे मुख्यालय ज्या शहरात आहे, तिथल्या मुलाला रात्री सलग झोप मिळवून देण्यासाठी चिकटपट्टीचे एक रीळ खरेदी करता येत नसेल, तर उणीव पैशाची नाही आणि शास्त्राचीही नाही. ती लक्ष देण्याची आहे.